स्कायरिममधला चोर-जादूगार: पर्क आधी इल्युजनमध्ये

चोर-जादूगार खेळायचा तर पर्क (कौशल्यात निवडायच्या खास क्षमता) आधी डिस्ट्रक्शनवर, म्हणजे मारक मंत्रांच्या शाखेवर घाला, असं काही जण सुचवतात. स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये तरी ते पटत नाही. लपून मारल्याचा गुणक मंत्रांना मिळतच नाही. खंजिराला मात्र स्नीक (लपून वावरण्याचं कौशल्य) ५० ला ‘असॅसिन्स ब्लेड’ हा पर्क घेतला की थेट १५ पट इजा. मुख्य घोटाळा आवाजाचा: मंत्र टाकला की तो ऐकून पहारेकरी वळतो. त्यावर उपाय इल्युजन (मन भुलवणाऱ्या मंत्रांची शाखा) ५० चा ‘क्वाएट कास्टिंग’ हा पर्क. नॉव्हिस, ॲनिमेज, किंड्रेड मेज आणि हा, असे चारच पर्क लागतात, आणि मग कुठल्याही शाखेचा मंत्र नि:शब्द!

इल्युजन वाढवायला ‘मफल’ (आपल्या हालचालीचा आवाज दाबणारा मंत्र) टाकत राहा, समोर शत्रू नसला तरी अनुभव मिळतो. अदृश्य असताना दार उघडलंत तरी परिणाम उतरतो, म्हणून अदृश्य होण्याचा मंत्र दार ओलांडल्यावरच टाका.