सोसायटीचे २६ जानेवारीचे खेळ: यादीत एक नाव वाढवायचं आहे

*क्रीडा समिती (ए-१०२):* नमस्कार मंडळी. यंदाचे खेळ: बॉक्स क्रिकेट, बॅडमिंटन, कॅरम, संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, रस्सीखेच. नावं रविवारपर्यंत द्या. दिव्यांग मुलांसाठी नेहमीप्रमाणे पदक आहेच 🙏

*बी-६०३:* समितीची धावपळ मी दरवर्षी बघते, म्हणून आधी आभार. पण ते शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.
गेल्या वर्षी माझ्या लेकाच्या गळ्यात पदक घातलं गेलं. लिफ्टमध्ये त्याने विचारलं, "आई, कशाचं?" मला सांगता आलं नाही. सहावा मजला येईपर्यंत त्याने ते मला गळ्यातून काढायला लावलं, कारण त्याचे हात तिथवर पोचत नाहीत. अजून ते चपलांच्या कपाटावर पडलंय.
तो १५ वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सीमुळे हातपाय त्याच्या ताब्यात नसतात, शब्द सावकाश येतात. पण सामना सुरू असला की फिल्डिंग कुठे चुकली ते तो माझ्या आधी सांगतो. आठ वर्षं तो आपल्या पोडियमवर, कोर्टच्या कडेला खुर्चीत बसून तुमच्या सगळ्यांच्या मॅचेस बघतोय.
यंदा पदक नको. त्याला खेळू द्या, आणि हरला तर हरू द्या.
खेळाचं नाव बोचिया. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. लांबून बघितलं तर आपल्या गोट्यांची आठवण येते: एक पांढरा चेंडू पुढे टाकायचा, मग एकाने ६ लाल आणि दुसऱ्याने ६ निळे चेंडू त्याच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे. बसून खेळतात. हाताने टाका, पायाने ढकला, आणि दोन्ही जमत नसेल तर उतरत्या पन्हळीवरून सोडा. पन्हळ किती वळवायची, चेंडू किती उंचीवरून सोडायचा, हे सगळं खेळाडू ठरवतो.

*डी-४०१:* ताई, कपाटावरचं वाचून गलबलून आलं. आमच्या हे लक्षातच आलं नाही.

*सचिव (ए-७०१):* वहिनी, भावना समजतात. पण जबाबदारी समितीची असते. खुर्ची उलटली, काही लागलं तर? शिवाय एका मुलासाठी वेगळं कोर्ट आखणं, सामान आणणं, बजेट आधीच ताणलेलं आहे.

*बी-६०३:* काका, रस्सीखेचीत गेल्या वर्षी एका दादांचा खांदा दुखावला. आपण त्यांना दवाखान्यात नेलं, पण खेळ बंद नाही केला. तेवढीच काळजी माझ्या लेकाची घ्या, जास्त नको.
कोर्टचं मी मोजून आलेय. बोचियाचं कोर्ट १२.५ मीटर बाय ६ मीटर. आपलं बॅडमिंटनचं १३.४ बाय ६.१. म्हणजे जाळी आणि खांब काढले की ते आतच बसतं. रंग नको, खडूने किंवा चिकटपट्टीने रेघा मारू.
आणि वेगळा खेळ मी मागतच नाहीये. तुम्ही गुडघ्यांमुळे बॅडमिंटन सोडलंत ना? खुर्ची घ्या आणि त्याच्या समोर बसा.

*डी-२०४:* वकील म्हणून एक स्पष्ट करतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात कलम ३० खेळांबद्दल आहे. ते बंधन सरकार आणि क्रीडा प्राधिकरणांवर आहे, सोसायटीवर थेट नाही. त्यामुळे कायद्याचा धाक दाखवून हे करून घेऊ नये असं मला वाटतं. शेजारी म्हणून करू.

*ए-३०५:* मी ग्रुपवर कधी लिहीत नाही. माझा उजवा पाय मांडीपासून कृत्रिम आहे, बऱ्याच जणांना फुल पँटमुळे माहीत नसेल. मी रात्री ११ नंतर कोर्टवर येतो, कारण तेव्हा कोणी बघत नाही. पॅरा-बॅडमिंटन खेळणारी मानसी जोशी २०१९ ला बासेलला जगज्जेती झाली. ती खाडीपलीकडे मुंबईत अणुशक्तीनगरला वाढलेली, तिचाही एक पाय अपघातात गेला. तिच्या गटात एकेरीला अर्धंच कोर्ट वापरतात. हे कळल्यावर मी रॅकेट परत हातात घेतली. बॅडमिंटनला माझं नाव घ्या. समोरच्याने पूर्ण ताकदीने मारावं. आणि अर्ध्या कोर्टचा नियम दोघांनाही लागू.

*क्रीडा समिती (ए-१०२):* भाऊ, नाव लिहिलं. ११ नंतर कशाला, उद्या ८ ला या, आम्ही असतोच.

*सी-१०१:* आजोबा सांगतायत, मी टाईप करते आहे. "काचबिंदूने नजर गेल्यापासून मी खाली उतरत नाही. चालायच्या पट्ट्यावर बाईक लावतात, दोनदा नडगी फुटली. खेळ वगैरे नको, मला पूर्वीसारख्या दहा फेऱ्या मारायच्या आहेत."

*डी-४०१:* आजोबा, मी ६ वाजता चालते. अंध धावपटू आणि त्यांचा सोबती एका छोट्या दोरीची टोकं धरून धावतात, तसं आपण रुमाल धरू. सोबत्याने ओढायचं नसतं, आणि त्यांच्या शर्यतीत रेषाही आधी खेळाडूनेच ओलांडायची असते. तुमचा वेग तुम्ही ठरवा. उद्या दाराशी येते.

*सचिव (ए-७०१):* पट्ट्यावरच्या बाईक आज रात्रीच हलवायला सांगतो. हे आधीच व्हायला हवं होतं. आजोबा, माफ करा.

*बी-६०३:* 🙏 आता अडचणींकडे येते. पोडियमला ६ इंचाची पायरी आहे. रोज वॉचमन दादा खुर्ची उचलतात, तो तेवढा वेळ डोळे मिटून घेतो. उताराचं प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा फुटांची फळी लागेल.

*डी-३०२:* आमच्याकडे सुतारकाम चालू आहे. जाड प्लाय उरलाय, कडेला पट्ट्या ठोकून रविवारच्या आत देतो. २६ नंतर काढू नका, सिमेंटचा होईपर्यंत तो राहू दे.

*ए-५०४:* पन्हळीचं काय? विकत आणायची का?

*बी-६०३:* सरावापुरता चार इंची पीव्हीसी पाईप उभा चिरून चालेल. चेंडूचा व्यास साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास असतो, आरामात घरंगळतो. चेंडू पाव किलोहून थोडे जड लागतात. स्टेशनजवळच्या चांभारकाकांना रेक्झीनचे शिवायला सांगितलेत, आत ज्वारी भरू. बाकी मार्गदर्शनासाठी वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, मी सोमवारी विचारून येते.

*ए-५०४:* माझी मुलगी (१२) विचारते, पाईप मी धरू का? दादाला मदत करायची आहे.

*बी-६०३:* नक्की धरू दे. पण नियम सांगते, तो मला फार आवडतो. पन्हळ धरणाऱ्याने कोर्टकडे पाठ करून बसायचं, मागे वळून बघायचं नाही. पांढरा चेंडू कुठे आहे हे तिला दिसणारच नाही. डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, तो सांगेल तेवढंच हलवायचं. त्याला एकेक शब्द बोलायला वेळ लागतो. तोवर थांबायचं, त्याचं वाक्य आपण पूर्ण करायचं नाही. मला स्वतःला हे जमेल का माहीत नाही, गेली १५ वर्षं मी तेच करत आले.

*ए-५०४:* ती हो म्हणतेय. आता भावाला पाठ करून बसवून सराव चालू झालाय.

*सचिव (ए-७०१):* रविवारी ५ वाजता जाळी काढून ठेवायला सांगतो. बोचिया यादीत घ्या. माझं नावही लिहा.

*बी-६०३:* काका, तो विचारतोय, तुम्ही लाल घेणार की निळे?

*सचिव (ए-७०१):* निळे.

*बी-६०३:* चालेल म्हणतोय. आणि पहिला चेंडू तो टाकणार.