फिरोजपूर-हुसैनीवाला : जाऊन आलेल्यांनो, अनुभव लिहा

पंजाब म्हटलं की आपली मंडळी अमृतसर, वाघा उरकून परत. सतलजकाठचं फिरोजपूर कोणाच्या यादीतच नसतं, आणि गंमत म्हणजे सीएसएमटीहून निघणारी पंजाब मेल थेट तिथेच जाऊन थांबते. कोण कोण गेलंय? सुरुवात माझ्यापासून.

आम्ही मूळचे खेडचे, म्हणजे राजगुरुनगरचे. भीमेकाठचा राजगुरूंचा वाडा शाळेपासून बघितलेला, पण २३ मार्च १९३१ ला लाहोरात फाशी दिल्यावर इंग्रजांनी गुपचूप जिथे भगतसिंग, राजगुरू, सुखदेव तिघांना अग्नी दिला ती सीमेवरच्या हुसैनीवालाची जागा राहिली होती. समाधीपाशी उभं राहिलो आणि एकच आलं डोक्यात, आमच्या गावचा हा पोरगा २२ वर्षांचा होता आणि घरचं कोणी जवळ नव्हतं. शेजारच्या एका सरदारजींनी विचारलं कुठून आलात, राजगुरूंच्या गावचे म्हटल्यावर त्यांनी हात जो धरला तो सोडेचनात, बायकोला हाक मारून दाखवलं, हे बघ कुठून आलेत! मला काही बोलताच येईना.



भारी लिहिलंय. ही जागा १९६१ पर्यंत पाकिस्तानात होती बरं का, सतलजवरच्या सुलेमानकी हेडवर्क्सजवळची (म्हणजे बंधाऱ्याजवळची) १२ गावं देऊन आपण ती घेतली. भगतसिंगांसोबत असेंब्लीत बॉम्ब टाकणारे बटुकेश्वर दत्त १९६५ मध्ये गेले, त्यांची समाधीही तिथेच आहे, त्यांचीच तशी इच्छा होती. १९७१ च्या लढाईत स्मारकाची पार वाट लागली होती, नंतर परत उभारलं. जुन्या रेल्वे पुलाकडे पण बघा, लाहोरची लाइन तिथूनच जायची.



बाबांचं पोस्टिंग होतं म्हणून आम्ही तीन वर्षं फिरोजपूर कॅन्टात काढली. रुंद रस्ते, जुनी झाडं, दुपारी चिटपाखरू नाही, मला तेव्हा भयंकर बोअर व्हायचं. सारागढी गुरुद्वारा मात्र आवडायचा. १२ सप्टेंबर १८९७ ला वायव्य सरहद्दीवरच्या सारागढीच्या चौकीवर लढून पडलेल्या २१ शिखांची नावं भिंतीवर कोरलीत, बाबा प्रत्येक वेळी ती सगळी वाचायला लावायचे आणि मी मधली चार गाळायचे. आता वाटतं वाचायला हवी होती.



आम्ही जानेवारीत गेलो. चूक! धुक्यात गाडी सात तास लेट, टॅक्सीवाल्याने दुप्पट पैसे उकळले ते वेगळंच. पण संध्याकाळची सीमेवरची रिट्रीट सेरेमनी (झेंडे उतरवतात ती) बघितली आणि राग गेला. वाघ्यासारखी जत्रा नाही, समोरच्या, पाकिस्तानातल्या गंडासिंगवाल्याकडची माणसं इतकी जवळ बसतात की चेहरे दिसतात, एक आजी स्वेटर विणत होत्या, हो, तिकडच्या!



@खेडकर, २३ मार्चला फिरोजपूरहून हुसैनीवालाला स्पेशल ट्रेन सोडतात, एरवी त्या रुळावर सहसा गाडी नसते. पुढच्या वर्षी आम्ही सहा जण ठरवतोय, येताय का?