विषय: सगळ्यांनी एकच मेसेजिंग ॲप डीफॉल्ट करावं का?

नमस्कार मंडळी,
मंडळाचे निरोप एकाच ॲपवरून जावेत आणि ते सगळ्यांनी डीफॉल्ट, म्हणजे फोनमधलं निरोपांचं मुख्य ॲप करावं, अशी कार्यकारिणीची सूचना वाचली. माझ्या फोनमध्ये बँकेचे ओटीपी, जुने निरोप सगळं एकाच ठिकाणी आहे. ॲप बदललं तर ते पुसलं जाईल का? कोणी जाणकार सांगेल का?
– एक ज्येष्ठ सभासद

---

ताई,
एसएमएस पुसले जात नाहीत. अँड्रॉइडवर 2013 च्या 4.4 आवृत्तीपासून एसएमएसच्या साठ्यात नोंद करण्याचा अधिकार एका वेळी एकाच ॲपला, म्हणजे डीफॉल्ट ॲपला असतो. साठा मात्र फोनचा असतो, ॲपचा नव्हे. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स, मग एसएमएस ॲप असं गेलात की बदल करता येतो. कंपनीनुसार नावं थोडी इकडेतिकडे होतील.

आरसीएसची, म्हणजे एसएमएसऐवजी इंटरनेटवरून जाणाऱ्या निरोपांची, गोष्ट वेगळी. गुगल मेसेजेसमधलं ते संभाषण दुसऱ्या ॲपमध्ये दिसेलच असं नाही. ॲप बदलण्याआधी त्यातलं आरसीएस बंद करा, नाहीतर लोक पाठवत राहतील आणि नव्या ॲपमध्ये काहीच यायचं नाही. आयफोन सोडून अँड्रॉइड घेणाऱ्यांनीही आधी आयमेसेज, म्हणजे ॲपलची स्वतःची निरोपसेवा, बंद करावं. ते राहून गेल्यामुळे कित्येकांचे निरोप हरवले आहेत.

ओटीपीबद्दल तुम्ही म्हणता ते फार महत्त्वाचं आहे. डीफॉल्ट ॲपला तुमचा प्रत्येक एसएमएस वाचता येतो, त्यामुळे ते कोणी बनवलंय हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. फॉसिफाय मेसेजेससारखी मुक्त स्रोत, म्हणजे कोड कोणालाही तपासता येतो अशी, ॲप्स आहेत, पण त्यांत आरसीएस चालत नाही, कारण गुगलने ती सोय बाहेरच्या ॲप्सना दिलेली नाही.
– तंत्रज्ञान समितीतला एक सभासद

---

माहितीबद्दल आभार. पण आमची अडचणही समजून घ्या. एकच निरोप चार ठिकाणी पाठवायचा, आणि तरी कोणीतरी म्हणणारच, मला कळलंच नाही. एक ॲप ठरलं तर काम सोपं होईल.
– सचिव

---

सचिव काका,
तुमची दमछाक आम्ही पाहतो, तरीही या सूचनेला माझा विरोध आहे. एक तर आयफोनवर ती पाळताच येणार नाही. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या आयओएस 18.2 या आयफोनच्या प्रणालीच्या आवृत्तीपासून तिथे डीफॉल्ट मेसेजिंग ॲप निवडता येतं, पण एसएमएस अजून ॲपलच्याच मेसेजेसमध्ये येतात. दुसरं म्हणजे, ॲप कायम तसंच राहील याची हमी कोण देणार? अँड्रॉइडवर सिग्नल हे मेसेजिंग ॲप डीफॉल्ट एसएमएस ॲप म्हणून वापरता येत असे. 2022 मध्ये त्यांनी ती सोय काढत असल्याचं जाहीर केलं आणि वापरणाऱ्यांना दुसरं ॲप शोधावं लागलं.

आणि फोन ज्याचा, निवड त्याची. कोणाला आपला नंबर एखाद्या कंपनीकडे द्यायचा नसेल, तर त्यासाठी त्याने मंडळाच्या निरोपांना मुकावं का?

माझी सूचना अशी: सविस्तर मजकूर याच यादीवर मेलने पाठवा, आणि आठवण तेवढी एसएमएसने. एसएमएस कुठल्याही फोनवर पोचतो, डीफॉल्ट ॲप कोणतंही असो. मात्र तो आटोपशीर हवा. रोमन लिपीत 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70 च, आणि काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. मजकूर लांबला की त्याचे तुकडे होतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे पडतात. नमुना देतो:

सभा रविवारी दुपारी 4 वा., जुन्याच सभागृहात. तपशील मेलवर.

मोकळ्या जागा धरून ही 56 होतात.
– तंत्रज्ञान समितीतला एक सभासद

---

हे पटलं. डीफॉल्टची सूचना मी मागे घेतो. पुढच्या सभेची आठवण या नमुन्याप्रमाणे जाईल. ज्यांना एसएमएससुद्धा नको, फक्त मेल हवा, त्यांनी मला वेगळं कळवा.
– सचिव

---

मी आधी आरसीएस बंद केलं, मग ॲप बदललं. जुने एसएमएस सगळे जागेवर आहेत, ओटीपीही आला. काका, मला दोन्ही चालेल.
– ज्येष्ठ सभासद