‘किमान’ म्हटल्यावर चिन्ह कोणतं?

प्रश्न

माध्यमिकच्या मुलांना रेषीय असमानता शिकवतो आहे. आकडेमोड बरी जमते, पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडं अडतं. ‘उत्तीर्ण व्हायला किमान ४० गुण हवेत’ हे वाक्य बरीच मुलं ग ≤ ४० असं मांडतात. ‘किमान’मध्ये त्यांना ‘कमी’ ऐकू येतं, हे उघड आहे. यावर काय उपाय करता? दुसरी शंका म्हणजे रेषीय, एकघाती आणि एकरेषीय हे शब्द मुलं एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. यांतला नेमका फरक कसा सांगावा?

प्रतिसाद

‘किमान’ने सीमा कळते, चिन्ह कळत नाही. ४० ही चालणाऱ्या किमतींपैकी सगळ्यात लहान, म्हणजे बाकीच्या चालणाऱ्या किमती तिच्याहून मोठ्या. हे तोंडी सांगून मुलांना पटत नाही, म्हणून मी चिन्ह आधी लिहूच देत नाही. ३९ चालतील का? ४०? ४१? ‘नाही, हो, हो’ अशी उत्तरं आली की ती संख्यारेषेवर मांडायची. ४० वर भरीव ठिपका, बाण उजवीकडे, आणि त्यानंतर ग ≥ ४०. किमान, कमीत कमी, निदान, ‘पेक्षा कमी नको’ हे सगळे एकाच घरचे. कमाल, जास्तीत जास्त, फार तर, ‘पेक्षा अधिक नको’ हे दुसऱ्या घरचे.

पण माझ्या मते खरी गोम ‘किमान’मध्ये नसून ‘ने’ या एका अक्षरात आहे. ही दोन वाक्यं बघा:

‘य हा क्षपेक्षा ३ ने जास्त आहे.’
‘य हा क्षपेक्षा जास्त आहे.’

पहिलं समीकरण आहे, य = क्ष + ३. दुसरी असमानता आहे, य > क्ष. दोन्हींत ‘पेक्षा जास्त’ आहेच, त्यामुळे त्या दोन शब्दांवर नजर ठेवणारी मुलं पहिल्यातही > टाकून मोकळी होतात. ‘ने’ किती फरक आहे ते सांगतो. फरक ठरला की य ठरला. ‘ने’ नसेल तर य ला मोकळीक आहे. ‘क्षच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी’ हे आणखी फसवं, कारण मुलं वाक्यातल्या क्रमाचा विचार न करता ५ − २क्ष लिहितात. तिथे क्ष = १० घालून बघायला लावावं. दुप्पट २०, त्याहून ५ ने कमी म्हणजे १५. आता २क्ष − ५ आणि ५ − २क्ष यांतलं १५ कोण देतं? वाद तिथेच मिटतो.

प्रतिसाद

एकरेषीय हा शब्द बिंदूंसाठी ठेवा. तीन बिंदू एकाच रेषेवर असले की ते एकरेषीय. एकघाती हा बहुपदीचा गुण, चलाचा सर्वांत मोठा घातांक १. रेषीय म्हणजे ज्याचा आलेख सरळ रेषा येतो ते.

शालेय पातळीवर य = २क्ष + ३ हे रेषीय फल. (फल म्हणजे क्षच्या प्रत्येक किमतीला य ची एकच किंमत देणारा नियम.) पुढे रेषीय बीजगणितात मात्र ‘रेषीय’ची अट कडक होते. तिथे क्ष = ० ला य = ० यावंच लागतं, त्यामुळे त्या + ३ मुळे हे फल बाद होतं. शाळेत यात शिरू नये. एक भेद मात्र शाळेतच करावा: क्ष = ४ हे रेषीय समीकरण आहे, त्याचा आलेख उभी रेषा आहे, पण य हे क्षचं फल नाही. क्षच्या एकाच किमतीला य च्या अगणित किमती येतात.

शिवाय ‘एक वाढलं की दुसरंही वाढतं’ एवढ्यावर मुलं रेषीय म्हणून शिक्का मारतात. चौरसाची बाजू १, २, ३, ४ घ्या. परिमिती ४, ८, १२, १६. क्षेत्रफळ १, ४, ९, १६. दोन्ही वाढतात. लागोपाठचा फरक पहिल्यात दर वेळी ४, दुसऱ्यात ३, ५, ७. फरक सारखा राहतो तिथेच चढ, म्हणजे आलेखाचा कल, एकसारखा राहतो.

प्रतिसाद

जुन्या बीजगणितात पहिल्या अव्यक्ताला, म्हणजे किंमत माहीत नसलेल्या राशीला, यावत्तावत् (‘जितकं-तितकं’) म्हणत. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त पुढची अव्यक्तं कालक, नीलक, पीतक अशी रंगांच्या नावांनी येतात. ‘जितकं-तितकं’ ही जोडी फल शिकवताना फार कामाची आहे. ‘जितका क्ष, त्याच्या दुप्पट आणि वर ३, तितका य.’ मूळचा यावत्तावत् एका अव्यक्तासाठी होता हे खरं, पण उपयोग होतो तर का करू नये!

प्रतिसाद

‘ऋण संख्येने गुणलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य वर्गातून हद्दपार करा. कोणतं चिन्ह? −२क्ष < ६ मध्ये उणे हेही चिन्ह आणि < हेही चिन्हच. काही मुलं उणं काढून क्ष < ३ लिहितात, वर ‘तुम्हीच सांगितलंत’ म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही. ‘असमानतेची दिशा उलटते’ असं म्हणावं. त्याहून बरं म्हणजे सुरुवातीला ऋणाने भागूच नये. २क्ष उजवीकडे न्या: ० < ६ + २क्ष. मग −६ < २क्ष, मग −३ < क्ष. दिशा का उलटते ते आपोआप दिसतं.

(<, > ही चिन्हं १६३१ साली, थॉमस हॅरियटच्या मृत्यूनंतर छापलेल्या त्याच्या पुस्तकात आली. बरोबरचं चिन्ह १५५७ चं, रॉबर्ट रेकॉर्डचं.)

प्रश्नकर्ता

‘दिशा उलटते’ उद्यापासूनच. आलेखावर मात्र मी ‘≥ म्हणजे रेषेच्या वरचा भाग’ असं सांगतो, ते चालेल ना?

प्रतिसाद

य एकटा डावीकडे असेल तरच. २क्ष − य ≤ ५ घ्या. चिन्ह ≤, पण भाग येतो रेषेच्या वरचा. आरंभबिंदू (०, ०) घालून बघा: ० ≤ ५, खरं. म्हणजे ज्या बाजूला आरंभबिंदू, ती बाजू रंगवायची. रेषा आरंभबिंदूतूनच जात असेल तर दुसरा कुठलाही बिंदू घ्यावा. बरोबरचं चिन्ह असेल तर रेषा सलग, नसेल तर तुटक.

प्रतिसाद

‘१० च्या आत’ आणि ‘१० पर्यंत’ राहिलं. ‘पर्यंत’मध्ये १० धरतात. ‘आत’ला एकमत नाही, त्यामुळे प्रश्नपत्रिकेत तो शब्द टाळलेलाच बरा. मोजायच्या वस्तू असतील तर ‘१० पेक्षा कमी’ आणि ‘९ किंवा कमी’ एकच. लांबी-वजनाला तसं नाही, ९.५ मध्येच उभा असतो.