बेल्ट नवीन टाकला तरी सकाळी ची-ची आवाज. अल्टरनेटर बदलायचा का?

मानेवाडा_वाली
नमस्कार. वॅगन आर, पेट्रोल, 2014 चं मॉडेल. सकाळी स्टार्ट केली की बॉनेटमधून जोरात ची-ची आवाज येऊन राहिला. हेडलाइट आणि एसी लावला की वाढतो, मिनिटभरात बंद होतो. पाऊस लागल्यापासून रोजचंच झालं आहे. घराजवळच्या गॅरेजात दाखवली, त्यांनी बेल्ट बदलून दिला. थोडे दिवस बरं गेलं, आता पुन्हा तेच. आता ते म्हणतात अल्टरनेटर गेला, नवीन टाका. रोज हिंगणा एमआयडीसीत जाते, वाटेत नरेंद्र नगरच्या पुलाखाली पाणी साचलेलं असतं. बॅटरीचा लाल दिवा लागत नाही. एवढा खर्च करण्याआधी काय बघू?

सोमलवाडा_रायडर
ताई, बेल्टला कोरडा साबण घासा, नाहीतर बाजारात बेल्टचा स्प्रे मिळतो तो मारा. आमच्या जुन्या गाडीला साबणच चालायचा.

वाडीचा_मिस्त्री
ताई, साबण नको, स्प्रे नको, आणि अल्टरनेटर तर इतक्यात मुळीच नको. स्प्रेचा चिकटा बेल्टच्या खाचांत बसतो, त्यावर धूळ बसते, आणि नवा बेल्टही वाया जातो.

आधी हा बेल्ट करतो काय ते समजून घ्या. इंजिनच्या क्रँकची, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याची पुली फिरते, तिच्यावरून हा बेल्ट अल्टरनेटर (वीज बनवून बॅटरी भरणारा) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा) फिरवतो. एसीचा कॉम्प्रेसरही बेल्टवरच, काही गाड्यांत त्याचा बेल्ट वेगळा असतो. स्टार्टर मारला की बॅटरीतला करंट जातो, तो भरून काढायला अल्टरनेटरवर सुरुवातीला जास्त लोड येतो. त्यात हेडलाइट, ब्लोअर, रेडिएटरचा पंखा. तेवढा लोड ओढताना ढिला बेल्ट पुलीवर घसरतो आणि ओरडतो. बॅटरी भरत आली की लोड उतरतो, आवाज जातो. तुमच्या गाडीचं वर्णन अगदी हेच आहे. अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं असतं तर घरघर आली असती, आणि ती मिनिटभरात थांबली नसती.

आता नवा बेल्ट ढिला कसा? हा अल्टरनेटर सरकवून ताणायचा बेल्ट आहे. नवीन बेल्ट पुलीच्या खाचांत बसेपर्यंत थोडा सैल पडतोच. काहीशे किलोमीटरनंतर तो पुन्हा ताणून द्यावा लागतो. ज्या गाडीत स्प्रिंगचा टेन्शनर असतो तिथे हे काम तो स्वतः करतो. तुमचा बेल्ट टाकल्यावर परत कोणी बघितला नसेल, असा माझा अंदाज.

घरी दोन गोष्टी करून पाहा. इंजिन बंद, चावी काढलेली. दोन पुलींमधला सर्वात लांब भाग अंगठ्याने जोरात दाबा. साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर दबायला पाहिजे, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. त्याहून जास्त झोल असेल तर ढिला. बेल्ट बोटाने थोडा उलटा करून आतली बाजूही बघा. खाचा कोरड्या, मळकट काळ्या दिसल्या तर ठीक. काचेसारख्या चमकत असतील तर घसरून घसरून गुळगुळीत झाला आहे, मग ताणूनही आवाज जाणार नाही. तेलाचा किंवा कूलंटचा ओलावा दिसला तर आधी गळती शोधा.

दुसरं, सकाळी आवाज चालू असताना बाटलीतून थोडं साधं पाणी खाचांच्या बाजूला उडवा. आवाज वाढला तर बेल्ट ढिला. क्षणभर गेला आणि परत आला तर एखादी पुली वाकडी बसली आहे. हे करताना ओढणी काढून ठेवा, केस बांधा, हात लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो.

आणि अल्टरनेटरचा निकाल मल्टिमीटरने लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट आले तर तो चार्ज करतो आहे. कोणताही इलेक्ट्रिशियन दोन मिनिटांत सांगेल.

बाकी सगळ्यांसाठी एक. पूर्वीचे बेल्ट म्हातारे झाले की भेगा दाखवायचे. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट भेगा न पडताच झिजतात, खाचा खोल होत जातात. म्हणून "भेगा नाहीत, बेल्ट चांगला आहे" यावर जाऊ नका. नागपुरात पारा 45 च्या वर जातो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक गाड्यांत 60,000 ते 1,00,000 किलोमीटरमध्ये बेल्ट बदलायला येतो, मी उन्हाळ्याआधी एकदा बघतोच.

धावत्या गाडीत लाल बॅटरी दिवा लागला आणि टेंपरेचरचा काटा चढू लागला तर तिथेच थांबा. अमरावती रोडवर बाजारगावच्या पुढे एका गिऱ्हाइकाचा बेल्ट तुटला होता, मे महिन्यात. कोंढाळी जवळच आहे म्हणून त्यांनी गाडी रेटली. वॉटर पंप बंद, कूलंट फिरत नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जळलं. बेल्ट काही शेकड्यांत येतो, ते काम कितीतरी हजारांत गेलं.

कामठी_रोड_92
भाऊ, बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतात म्हणतात, ते हेच का?

वाडीचा_मिस्त्री
नाही जी. तो टायमिंग बेल्ट, इंजिनच्या कव्हरच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. जुन्या सँट्रो झिंगमध्ये तो आहे, त्याला कंपनीने दिलेल्या किलोमीटरवर बदलायचंच, आवाजाची वाट बघायची नाही. ताईंच्या वॅगन आरमध्ये त्याच्या जागी चेन आहे.

मानेवाडा_वाली
दादा, केलं. पाणी उडवल्यावर आवाज चांगलाच वाढला. अंगठ्याने दाबला तर दोन सेंटिमीटरच्या वर दबला. खाचा चमकत नव्हत्या, पण अल्टरनेटरच्या अंगावर काळी रबराची भुकटी बसली होती, बोटाला लागली. चौकातल्या इलेक्ट्रिशियनने मीटर लावला, 14.1 आले. मग दुसऱ्या मिस्त्रीने अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून बेल्ट ताणून दिला. आज सकाळी एसी, हेडलाइट सगळं लावून बघितलं, काहीच आवाज नाही. तुमचे खूप आभार.

वाडीचा_मिस्त्री
छान केलंत. ती भुकटी ब्रशने झाडून घ्या, म्हणजे पुढे नवीन पडली तर लगेच कळेल. आणि जास्त ताणला नाही ना, तेही बघा. गरजेपेक्षा टाईट बेल्ट वॉटर पंपाचं आणि अल्टरनेटरचं बेअरिंग खातो. महिनाभराने एकदा अंगठा लावून बघा, अर्धा ते एक सेंटिमीटर.