वर्तुळात फुली म्हणजे नक्की काय? ब्लॉक डायग्रॅमची चिन्हं कळत नाहीयेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, साधा सर्किट डायग्रॅम मला बऱ्यापैकी वाचता येतो, दोन-चार किट स्वतः सोल्डर करून चालू पण केलीयेत, पण आता रेडिओ आतून कसा चालतो ते समजून घ्यायचं म्हणून सुपरहेटरोडाइन रिसीव्हरचा (स्टेशनची फ्रिक्वेन्सी आधी बदलून घेणारा रेडिओ) ब्लॉक डायग्रॅम घेऊन बसले आणि सुरुवातीलाच अडकले.

अँटेना कळला. पुढचा आडवा त्रिकोण अ‍ॅम्प्लिफायर असणार, टोक ज्या बाजूला तिकडे सिग्नल जातोय. मग येतं एक वर्तुळ आणि त्यात फुली. सर्किटमध्ये वर्तुळात फुली म्हणजे दिवा हे डोक्यात पक्कं बसलंय, पण रिसीव्हरच्या मधोमध दिवा कशाला असेल? त्याला खालून अजून एक वर्तुळ जोडलंय, आत एक नागमोडी रेघ, तो बहुतेक ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच एका फ्रिक्वेन्सीची लहर तयार करणारा. शोधलं तर एकीकडे फुलीवालं वर्तुळ म्हणजे मिक्सर असं सापडलं आणि कंट्रोल सिस्टिमच्या पुस्तकात तेच चिन्ह बेरजेला वापरलंय. साउंडवाल्यांचा मिक्सरही बेरीजच करतो ना? मग १००० किलोहर्ट्झचं स्टेशन आणि १४५५ चा ऑसिलेटर यांची बेरीज करून पुढच्या चौकोनात ४५५ येतं कुठून? काही केल्या पटत नाहीये.

शिवाय फिल्टरचे चौकोन. एकात दोन नागमोडी रेघा आणि वरचीवर काट, दुसऱ्यात तीन आणि वरखालच्या दोन्हींवर काट. चिन्हांच्या याद्या भरपूर मिळाल्या, पण ते चिन्ह तसंच का हे कोणी सांगितलं तर खूप बरं होईल.

प्रतिसाद:
ती फुली इथे गुणाकाराची खूण समजा. दोन साइन वेव्ह नुसत्या मिळवल्या तर नवीन फ्रिक्वेन्सी तयारच होत नाही, दोन्ही आहेत तशाच राहतात, साउंड मिक्सरमध्ये तेच तर हवं असतं. गुणल्या की मात्र बेरीज आणि फरक अशा दोन नव्या मिळतात, तुमच्या उदाहरणात २४५५ आणि ४५५. कंट्रोलच्या आकृतीत वर्तुळात येणाऱ्या बाणांजवळ अधिक-उणे लिहिलेलं असतं, ते दिसलं की बेरीज-वजाबाकी. म्हणजे चिन्ह एकटं वाचू नका, त्यात काय येतंय आणि बाहेर काय जातंय ते आधी बघा.
फिल्टरमध्ये वरची रेघ म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सी, खालची म्हणजे खालच्या, आणि काट मारली ती अडवली. तुमचा पहिला लो पास, म्हणजे खालच्याच जाऊ देणारा, दुसरा बँड पास, म्हणजे फक्त मधल्या जाऊ देणारा.

मूळ प्रश्नकर्ती:
अरे वा, काट म्हणजे अडवलं हे एकदम डोक्यात बसलं, मनापासून आभार! पण आता नवीनच शंका आली, १९१० चं स्टेशन असेल तर त्याचा आणि १४५५ चा फरकही ४५५ च येतो की, मग दोन स्टेशनं एकावर एक नाही का ऐकू येणार? मिक्सरच्या आधी पण तीन रेघांचा एक चौकोन आहे, तो याचसाठी का?

प्रतिसाद:
हो, अगदी त्याचसाठी. त्या १९१० ला इमेज फ्रिक्वेन्सी म्हणतात आणि ती मिक्सरच्या आधीच अडवावी लागते, एकदा ४५५ झाली की पुढे वेगळी काढता येत नाही.