मदत हवी आहे: जुनी फॉक्स स्टर्लिंगवर्थ दुनळी, लिलावात की गन शोमध्ये?

बाराबोअर
नमस्कार मंडळी. मुक्काम पेनसिल्व्हेनिया, ग्रीन कार्डधारक. फिलाडेल्फियात बनलेली, म्हणजे सॅव्हेज कंपनीने कारखाना युटिकाला हलवण्याआधीची, ए. एच. फॉक्स स्टर्लिंगवर्थ १२ बोअर हवी आहे. सगळा खर्च धरून १२०० डॉलर. नुसती भिंतीवर टांगायची नाही. मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी आणि हंगामात फेझंट पक्ष्यांची शिकार एवढा वापर होईल.

सध्या समोर दोन आहेत:
१) जवळच्या लिलावात. क्रमांक १,१२,०००च्या घरात, ३० इंची नळ्या. वर्णनात "नळ्यांना नव्याने ब्लूइंग, दस्त्याच्या मानेपाशी बारीक चीर" असे लिहिले आहे (ब्लूइंग म्हणजे पोलादावरचा गंजरोधक काळानिळा थर). अंदाज ६०० ते ९०० डॉलर. नळ्यांच्या तोंडाचा एकही फोटो नाही.
२) गन शोच्या एका टेबलावर "फॉक्स, १२ बोअर", ४५० डॉलर. ठशात सॅव्हेजचे नाव आहे.

कोणती बघावी? हातात मिळालेल्या दहा मिनिटांत काय काय तपासावे?

नळीपारखी
दुसरी सोडा. ती बहुधा मॉडेल बी असणार. फॉक्सचे नाव हाती आल्यावर सॅव्हेजने स्टीव्हन्स कंपनीच्या घडणीवर काढलेली ती स्वस्त दुनळी. बंदूक वाईट नाही, पण फिलाडेल्फियाच्या फॉक्सशी तिचे नाते फक्त नावापुरते. तुम्हाला हवी तिच्या नळीवर "फिलाडेल्फिया" हाच ठसा हवा. तुमचा १,१२,००० हा आकडा १२ बोअर स्टर्लिंगवर्थच्या मालिकेत (५०,०००पासून पुढे) बरोबर बसतो. १६ बोअरचे क्रमांक ३,५०,०००पासून आणि २० बोअरचे २,५०,०००पासून सुरू होतात.

पहिलीबद्दल मला सगळ्यात जास्त खटकते ते "नव्याने ब्लूइंग". दुनळीच्या नळ्या आणि मधली पट्टी कथलाच्या डागाने जोडलेल्या असतात. हल्लीचे गरम क्षारांचे ब्लूइंग हा डाग खाते. क्षार पट्टीखाली शिरून बसतात आणि आतून गंज सुरू राहतो. वरून काही दिसत नाही, एक दिवस पट्टी सुटते. अशा नळ्यांना फक्त गंज चढवून, उकळून, घासून केलेले संथ ब्लूइंगच चालते. म्हणून लिलाववाल्यांना आधी हेच विचारा: काम कोणत्या पद्धतीने झाले? आरशासारखा काळा चकचकीत रंग, ठशातल्या अक्षरांच्या कडा गोल झालेल्या, पट्टीच्या कडेला पांढरट भुकटी, यातले काहीही दिसले तर मी बोली लावणार नाही.

बंदूक हातात आल्यावर आधी ती रिकामी असल्याची खात्री करा आणि मालकाला विचारूनच उघडा. मग फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढून नळ्या वेगळ्या करा. नळ्यांखालच्या हुकात बोट अडकवून त्या लटकत्या धरा आणि लाकडी पेन्सिलीने हलकेच टोला द्या. देवघरातल्या घंटेसारखा स्वच्छ नाद घुमला तर जोड शाबूत. थड् असा बसका आवाज किंवा भुणभुण आली तर पट्टी कुठेतरी सुटली आहे. ती पुन्हा बसवायची तर नळ्या पूर्ण सोलून पुन्हा ब्लूइंग, म्हणजे बंदुकीच्या किमतीएवढा खर्च.

त्यानंतर नळ्या उजेडाकडे धरून आत बघा आणि हळूहळू फिरवा. उजेडाची कडी एका जागी मोडली तर पोचा, पूर्ण गोल सावली पडली तर फुगवटा. पोचा निघतो. फुगवटा असेल तर परत ठेवा.

तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात. मध्ये फट किंवा ती बुजवलेली दिसली तर नळ्या कापलेल्या आहेत आणि चोक (तोंडाशी मुद्दाम अरुंद केलेला नळीचा भाग) गेला. खिशातले डाइम नाणे इथे कामाला येते. त्याचा व्यास ०.७०५ इंच. १२ बोअरच्या फुल चोकात ते जात नाही. गेले तर चोक मोकळा केला असेल किंवा मुळातच कमी असेल. हा फक्त तोंडाचा अंदाज. नळीची जाडी कळायला जाडीमापकच लागतो. वापरायच्या बंदुकीत पातळ जागीही मला ०.०३० इंच हवी. ०.०२५च्या खाली कितीही स्वस्त मिळो, नको.

शेवटी टॉप लिव्हर, म्हणजे बंदूक उघडायची वरची कळ. फॉक्सचा फिरता बोल्ट (नळ्या बंद धरणारा खटका) निमुळता असतो, झिजला तरी आणखी पुढे फिरून घट्ट बसतो. लिव्हर मध्यापासून उजवीकडे थांबत असेल तर पुष्कळ आयुष्य शिल्लक आहे. मध्य ओलांडून डावीकडे गेला असेल तर झीज संपत आली. फोरएंड काढलेला असताना बंदूक हलवून बघा. फोरएंडचा ताण सैलपणा लपवतो.

शिसवी
चिरेबद्दल. बंदूक वर्षानुवर्षे तोंड वर करून ठेवली की तेल ॲक्शनमधून (नळ्या आणि दस्ता यांमधल्या पोलादी यंत्रणेतून) दस्त्याच्या डोक्यात उतरते. लाकूड मऊ पडते, मागचे स्क्रू ढिले होतात आणि प्रत्येक धक्क्याला पोलाद लाकडात पाचरीसारखे घुसते. दस्ता काढून टँगच्या (ॲक्शनच्या दस्त्यात शिरणाऱ्या पोलादी शेपटीच्या) आतली बाजू दाखवतील का, विचारा. काळी तेलकट दिसली तर तेच कारण.

हे दुरुस्त होते. ॲसिटोन आणि खडूच्या पुडीचा लेप पुन्हा पुन्हा लावून तेल ओढून काढायचे, मग चिरेत ॲक्राग्लास (इपॉक्सी गोंद) भरायचे. तेल पुरते निघाले नाही तर तो धरत नाही, बहुतेकांचे इथेच फसते. चीर मानेच्या आरपार गेली असेल तर मात्र नवा दस्ता, आणि मग १२०० विसरा. लाकूड पोलादाच्या पातळीपेक्षा खाली गेलेले दिसले तर कुणीतरी सँडपेपर मारला आहे.

सहीशिक्का
हिशोब आधी करा. ७०० डॉलरला हातोडा पडला, लिलावघराचा प्रीमियम (बोलीवरचे शुल्क) २० टक्के असेल तर ८४०. त्यावर राज्याचा ६ टक्के विक्रीकर, शिवाय परवानाधारक विक्रेत्याकडे मागवणार असाल तर वाहतूक आणि त्याची फी. माल "आहे तसा" विकला जातो, त्यामुळे प्रश्न बोलीआधीच, ईमेलवर. पूर्वपाहणीला स्वतः जाता येत असेल तर नक्की जा.

ग्रीन कार्डवर खरेदीला अडचण नाही, खरेदीच्या वेळी भरायच्या संघीय फॉर्म ४४७३वर एलियन नंबर (कार्डावरचा क्रमांक) लिहावा लागतो. एच-१ या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावाल्यांनी मात्र लक्षात घ्या: कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार परवाना यासारखी सूट नसेल तर बंदूक बाळगणे हाच संघीय गुन्हा आहे.

पुढे आणखी जमवायच्या असतील तर संग्राहकाचा ०३ परवाना घ्या. ३ वर्षांचे ३० डॉलर, आणि ५० वर्षांवरच्या बंदुका परराज्यातूनही थेट घरी मागवता येतात. धंद्यासाठी तो चालत नाही.

बाराबोअर
मनापासून आभार. ब्लूइंगच्या पद्धतीबद्दल आणि तोंडाच्या फोटोसाठी आत्ताच ईमेल करतो. काडतुसांचे काय? दुकानातली पावणेतीन इंची चालतील ना?

नळीपारखी
चेंबर (नळीत काडतूस बसते तो भाग) मोजल्याशिवाय नको. या काळातल्या १२ बोअर फॉक्सचे चेंबर बऱ्याचदा २ पूर्णांक ५/८ इंच भरतात. पावणेतीन इंची काडतूस आत बसते, पण उडाल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. आजच्या १२ बोअर पावणेतीन इंचीला कमाल ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबाची मुभा आहे, शंभरीच्या लाकडाला ते झेपत नाही. अडीच इंची, कमी दाबाची, पाऊण ते एक औंस छर्ऱ्यांची घ्या. चेंबर लांब करून घ्यायचा सल्ला कुणी दिला तर आधी तिथली जाडी मोजा.

पोलादी छर्रे कधीच नको. जुन्या फुल चोकाला ते फुगवतात. बदकांच्या शिकारीला शिसे चालत नाही, तिथे बिस्मथ वापरा. आणि ईमेलमध्ये एक ओळ वाढवा: नळ्या, ॲक्शन आणि फोरएंड तिन्हींवर एकच क्रमांक आहे का?